अक्रोड खवट होते

४ फेब्रुवारी

चि. चाखणबाईस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. तुझ्या ऑफिसातून परत आलो त्याच संध्याकाळी लिहायला बसलो होतो, पण पहिल्याच ओळीत तीन शिव्या आल्या आणि कागद फाडून टाकला. म्हटलं, राग शांत झाला की लिहू. महिना उलटून गेला. राग शांत व्हायचं नाव घेत नाही, उलट मुरत चालला आहे. म्हणून आता रागातच लिहितो. फोनवर बोललो असतो, पण तू फोन उचलतेस आणि "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतेस. मीटिंगमध्ये असलेल्या माणसाने फोन उचलावाच कशाला?

पहिली गोष्ट ही की मी तुझ्याकडे न बोलावता आलो नव्हतो. तूच म्हणाली होतीस, "बाबा, एकदा येऊन बघा तरी, तुमची लेक दिवसभर काय करते ते." मी इस्त्रीचा शर्ट घातला. पहाटे उठून तुझी लिंबाच्या सालीची बिस्किटं केली. बस चुकेल, उतरायचा थांबा चुकेल, दारावरचा माणूस हाकलून देईल, अशा सगळ्या काळज्या करत आलो आणि ह्यातलं काहीच झालं नाही. दारावरच्या माणसाला म्हटलं, "संपादकबाईंचा बाप." तो उठून उभा राहिला. मला वाटलं, चला, जन्माचं सार्थक झालं.

वर आलो तर तुझी खोली रिकामी. मग मी वासाच्या मागे जायचं ठरवलं. जिथे अन्न शिजतं तिथे लेक असणार, हा माझा जुना हिशोब. पण वासच नव्हता कुठे! शेवटी एका खोलीत मोठे दिवे दिसले आणि टेबलावर सूपचं वाडगं. वर गाजर, वाटाणे, कोवळी पानं, सगळं कसं ऐटीत बसलेलं. शेजारी चमचा. मी चाखलं. गाजर कच्चं, पाणी अळणी. आता सांग, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ज्याने उभं आयुष्य काढलं त्याने काय करावं? शेजारी मीठ होतं. मी घातलं आणि ढवळलं. तर तळातून खळखळ आवाज आला आणि काचेच्या गोट्या वर आल्या. पोरांच्या खेळायच्या गोट्या! मी घाबरून ओरडलो, "अहो, ह्यात गोट्या पडल्यात, कोणाच्या तरी घशात जातील!"

तो फोटोवाला चिमटा घेऊन धावत आला. "कोणाचा हात तो? सकाळपासून एकेक वाटाणा लावत बसलोय मी!"

गोट्या भाजी बुडू नये म्हणून घालतात, हे मला मागाहून कळलं. खायचं नसतं, फोटो काढायचा असतो. बरं. नव्हतं मला माहीत. मी त्याची माफी मागितली असती. पण तेवढ्यात तू आलीस. माझ्याकडे पाहिलंस, वाडग्याकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "यांना आत कोणी सोडलं?"

यांना.

"हे माझे बाबा" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. तू महिन्याला एवढे शब्द छापतेस, त्यातले तीन माझ्यासाठी निघाले नाहीत. चष्मा लावलेली एक बाई होती, तुमच्या प्रयोगाच्या स्वयंपाकघरातली. तिने स्टूल ओढलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा बाबा, इथे रोजच कोणीतरी ओरडतं." ती कोणाची लेक आहे मला माहीत नाही, पण त्या वेळी तीच माझी लेक वाटली. लागलं का तुला? लागू दे.

दुसरी गोष्ट. नंतर तू मला जिन्यात नेलंस, डब्यातलं एक बिस्किट खाल्लंस, दुसरं खाल्लंस आणि डोळे मिटून म्हणालीस, "बाबा, अगदी तीच चव!" मी विरघळलो. राग निम्मा उतरला. डबा तिथेच विसरलो, पण दोन बिस्किटं रुमालात होती. घरी जाताना बसमध्ये भूक लागली म्हणून खाल्ली, तर साखरच नाही! घाईत घालायची राहिली होती. नुसती लिंबाची साल आणि पीठ. म्हणजे तू माझं तोंड बघून खोटं बोललीस. लहान पोराला गप्प करतात तसं मला गप्प केलंस. अपमान मी गिळला असता. पण खाण्याच्या बाबतीत तू माझ्याशी खोटं बोलशील असं मला कधी वाटलं नव्हतं. आपल्या घरात त्या एका गोष्टीत कोणी कोणाची भीड ठेवली नाही.

उत्तर पाठव.

तुझा बाबा


१९ फेब्रुवारी

चि. चाखणबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, टाईप केलेल्या चार ओळी. खाली सही नसती तर मला वाटलं असतं, वीज कंपनीचं आलंय. "त्या दिवशी कामाचा ताण होता. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. या क्षेत्रातल्या गोष्टी तुम्हाला समजणार नाहीत. प्रकृतीची काळजी घ्या." बिस्किटांबद्दल अक्षर नाही.

ह्या क्षेत्रातलं मला समजत नाही? मग तुला ह्या क्षेत्रात आणलं कोणी? मी नाही म्हणत मी आणलं. तू स्वतःच आलीस, तुझ्या जिभेने आलीस. पण रस्ता माझ्या स्वयंपाकघरातून गेला, एवढं तरी कबूल कर. शाळा सुटली की तू दप्तर घेऊन तिथे यायचीस, कारण तुझी आई खाली धोबीखात्यात चादरींच्या ढिगात असायची. ढकलगाड्यांवर पेशंटांची ताटं लागलेली असायची. लाल झाकण म्हणजे बिनमिठाचं, हिरवं म्हणजे बिनतेलाचं, पांढरं म्हणजे दात नसलेल्यांचं. तू डोळे मिटून झाकणांजवळ नाक न्यायचीस आणि रंग सांगायचीस. कधी चुकली नाहीस. एकदा दुधाचं पातेलं उकळायला ठेवलं होतं आणि तू दारातूनच ओरडलीस, "बाबा, नासलंय!" आम्ही सगळे हसलो. उकळी आली आणि फाटलं. त्या दिवसापासून माझ्या हाताखालची माणसं तुला चाखणबाई म्हणायला लागली. तुझी आई म्हणायची, "हिला जीभ दिलीय की दुर्बीण?"

आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तू ह्याच मासिकाला पत्र पाठवलंस, आपल्या लाल झाकणाच्या बटाट्याच्या सूपवर. बिनमिठाचं सूप कसं चांगलं लागू शकतं, ह्यावर. त्यांनी छापलं. मी ते पान स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं, वाफेने ते पिवळं पडेपर्यंत तिथे होतं. मग त्यांनी तुला कृती तपासायला बोलावलं, मग चव बघायला, मग सदर लिहायला, आणि आता अख्खं मासिक तुझ्या हातात. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस. ओळीखाली बोट धरून वाचतो. पण तुझं "पहिला घास" हे सदर मी एकदाही चुकवलेलं नाही.

म्हणूनच सांगतो, हल्लीचं "पहिला घास" तू लिहीत नाहीस. कोणी लिहितं ते मला ठाऊक नाही. तू पूर्वी लिहायचीस की कांदा परतताना आधी भांडतो, मग रुसतो आणि मग गोड होतो. वाचताना माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. आता काय असतं? सोनेरी. कुरकुरीत. लुसलुशीत. चकचकीत. वर्षभर झालं, एका ओळीत वास नाही. शेजारचा कंडक्टर मला वाचून दाखवतो, डोळे दमले की. तो म्हणाला, "काका, छान लिहिते हो ताई, चित्र उभं राहतं." मी म्हटलं, "चित्र राहतं उभं, भूक बसूनच राहते." तो म्हणाला, "तुम्ही म्हणजे ना, देवालाही मार्क कापाल."

हे सगळं मी पुढच्या वेळी लिहिणार होतो, पण काल वेगळंच झालं. दारावर टकटक झाली. बघतो तर ती चष्म्याची बाई, तुमची प्रयोगवाली, माझा डबा घेऊन. एवढ्या लांब, बस बदलून, एका डब्यासाठी. डबा घासून पुसून आणला होता. मी चहा टाकला. म्हटलं, "आज सुट्टी?" तर म्हणाली, "आता रोजच सुट्टी आहे बाबा." आणि हसली. असं हसली की मला चहा गाळता येईना.

तुमच्या मासिकाच्या वाढदिवसाला जेवण होतं म्हणे. जाहिरातवाले, हॉटेलवाले, मोठी मोठी माणसं. शेवटी अक्रोडाचा केक आला आणि अक्रोड खवट निघाले. लोकांनी रुमालात थुंकलं. आणि तू दुसऱ्या दिवशी मालकाला लिहून दिलंस की सामान बघायचं काम हिचं होतं, ही निष्काळजी आहे. तिला काढलं. मी विचारलं, "तूच घातलेस का ते अक्रोड?" ती म्हणाली, "मी त्या दिवशी रजेवर होते. धाकट्याला ताप होता. ते अक्रोड मी फेकायच्या फळीवर काढून ठेवले होते. कोणीतरी उचलले." मी म्हटलं, "मग माझ्या लेकीने चाखला नाही केक? तुमच्यात शेवटचा घास तिचा असतो ना?" तिने डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "चाखला असेल. मी नव्हते ना."

आता मला सांग. जी मुलगी दारातून नासलेलं दूध ओळखते, तिला तोंडातला खवट अक्रोड कळला नाही? एक तर तू चाखलाच नाहीस आणि चाखला म्हणालीस. नाही तर चाखून पुढे जाऊ दिलास. दोन्हीत दोष तुझा. त्या बाईचा नाही. तिच्या घरी सासू आहे, शाळेत जाणारी दोन पोरं आहेत, आणि "निष्काळजी" हा शिक्का घेऊन तिला कोणतं स्वयंपाकघर दारात उभं करेल? आमच्या हॉस्पिटलात एखादं ताट चुकलं की मी पुढे होऊन शिव्या खायचो, कारण डाव माझ्या हातात असायचा. हाताखालच्याला पुढे ढकलायची रीत तू कुठे शिकलीस? माझ्याकडे तर नाही.

ह्याचं उत्तर टाईप करून पाठवू नकोस.

तुझा बाबा


३ मार्च

चि. चाखणबाईस,

तू आली नाहीस, जावईबापूंना पाठवलंस. फळांची करंडी घेऊन आले. अशी करंडी लोक हॉस्पिटलात पेशंटला नेतात, मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, "मी आजारी आहे असं कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "तसं नाही बाबा, सहज." सहज म्हणणारा माणूस बूट काढताना इतका घामाघूम होत नाही.

मी त्यांना काही बोललो नाही. जावई आहेत, मान ठेवला. जेवायला वाढलं. भाजी तिखट झाली होती, ते नाक पुसत खात होते आणि "वा, वा" करत होते. जेवण झाल्यावर म्हणाले, "बाबा, त्या बाईचा विषय तुम्ही कुठे काढू नका. मालकांपर्यंत गेला तर हिचं फार अवघड होईल." मी म्हटलं, "एका केकने संपादक जात नाही." ते म्हणाले, "केकचं नाही हो. मग ते डॉक्टरचे कागद मागतील." आणि थांबले. जीभ चावली. पण बाहेर आलेला शब्द कुठे आत जातो?

मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, आता सगळं सांगितल्याशिवाय बूट मिळणार नाहीत. खरंच बूट उचलून कपाटात ठेवले. हसू नकोस. मी हसत नव्हतो.

तर गेल्या वर्षी तुला तो ताप आला, त्यात तुझा वास गेला आणि वासाबरोबर चव. ताप उतरला, ते दोन्ही परत आलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईल, नाहीतर नाही येणार. म्हणजे वर्षभर तुला मीठ कळत नाही, साखर कळत नाही, करपलेलं कळत नाही. वर्षभर तू लोकांना सांगतेस काय चांगलं लागतं. आणि हे तुझ्या नवऱ्याला ठाऊक, डॉक्टरला ठाऊक, मला मात्र नाही.

मग मला बिस्किटं आठवली. मी मागे लिहिलं होतं की तू खोटं बोललीस. खोटं बोललीसच. पण माझं मन राखायला नाही. तुला कळलंच नव्हतं. डोळे मिटून "तीच चव" म्हणालीस तेव्हा तुझ्या तोंडात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी असणार, आणि तू लहानपणीची चव आठवून बोलत होतीस. मी त्या दिवशी घरी येऊन तुला शिव्या घातल्या. आता मला रडू येतं आणि रडू आलं की आणखी राग येतो. मला का नाही सांगितलंस? मी काय केलं असतं? गावभर दवंडी पिटली असती? मी आयुष्यभर तोंडाची चव गेलेल्या माणसांसाठीच रांधलं. औषधांनी ज्यांची जीभ लाकूड झाली, त्यांना दोन घास जावेत म्हणून काय काय केलं ते तू माझ्या मांडीवर बसून बघितलंस. ज्या बापाला हे सगळ्यात आधी सांगायचं, त्याला सगळ्यात शेवटी, तेही जावयाची जीभ घसरली म्हणून!

जावईबापू जाताना म्हणाले, "बाबा, तिला ते नाही सहन होणार. चव हेच तिचं सगळं आहे." मी म्हटलं, "आणि त्या बाईची नोकरी हे तिचं काही नाही?" ते बूट घालून गेले.

तुझी चव गेली ह्यात तुझा काही गुन्हा नाही. कंडक्टरचा पाय गेला, त्याने काय तोंड लपवलं? पण ती लपवायला तू दुसऱ्या बाईची भाकरी काढून घेतलीस. त्याचं काय, ते लिही.

बाबा


१० मार्च

हे पत्र आशीर्वादाने सुरू करत नाही. जमत नाही.

मी काल त्या प्रयोगवालीच्या घरी गेलो. पत्ता तिने डब्यातच चिठ्ठीवर ठेवला होता, "कधी इकडे आलात तर." दोन खोल्या, जिना अरुंद, दारात पोरांच्या चपला. तिची सासू भांडी घासत होती. मला वाटलं होतं, संपादकबाईचा बाप म्हटल्यावर म्हातारी मला लाटण्याने हाणेल. तिने पाट दिला. असं करतात ना लोक, मग राग कोणावर काढायचा तेच कळत नाही. सगळा परत स्वतःच्या माणसावर येतो.

मी तिला सरळ विचारलं. म्हटलं, "पोरी, माझ्या लेकीला चव लागत नाही, हे तुला माहीत होतं का?"

ती दारातल्या चपला सरळ लावायला लागली. सासू आतून म्हणाली, "सांग की. काय आता अजून काढून घेणारेत?"

मग बोलली. तुझा ताप उतरल्यावर तू कामावर आलीस, त्या पहिल्याच आठवड्यात तिला कळलं होतं. तू दुप्पट मिठाची आमटी चाखून "बरी आहे" म्हणालीस. तिने कोणाला सांगितलं नाही. तुलाही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पदार्थ तुझ्यापुढे ठेवताना ती आपलं आपलं पुटपुटायला लागली. "मला जरा मीठ कमी वाटतंय, ताई." "आज लिंबू पुढे आलंय, नाही का?" मग तू चमचा तोंडात घालायचीस, जरा थांबायचीस आणि सगळ्यांसमोर म्हणायचीस, "मीठ कमी आहे. लिंबू पुढे आलंय." सगळे माना डोलवायचे. नाटकात आडोशाला उभं राहून वाक्यं सांगतात ना, तसं. वर्षभर ती तुझी जीभ झाली होती. आणि तुम्ही दोघी त्यावर एक शब्द बोलला नाहीत. तू तिला विचारलं नाहीस, की तुला कसं कळलं. तिने तुला सांगितलं नाही, की मला कळलंय. मी विचारलं, "का केलंस गं?" म्हणाली, "ताईंनीच मला घेतलं होतं, बाबा. माझ्याकडे कुठला कोर्स नव्हता. त्यांनी माझ्या हातची भाजी चाखली आणि म्हणाल्या, उद्यापासून ये. त्यांच्या जिभेवर माझं घर उभं राहिलं. मग ती गेल्यावर मी काय नुसती बघत बसू?"

मी तिथे पाटावर बसून ऐकलं. सासूने भांडी घासायची थांबवली होती.

आणि त्या जेवणाच्या दिवशी ती रजेवर होती. पुटपुटायला कोणी नव्हतं. तुझ्यापुढे केक आला, सगळे बघत होते, तू घास घेतलास आणि एकटीने म्हणालीस, "अप्रतिम." बस. तिच्याशिवाय तू सगळ्यांसमोर चाखलेला तो पहिला पदार्थ.

मग तू तिलाच काढलंस! अगं, ज्या काठीने चालत होतीस तीच चुलीत घातलीस! मला आधी वाटत होतं, तू घाबरून जवळ सापडलेल्या माणसावर ढकललंस. तसं नाही. तुला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. म्हणून ती नको झाली. खरं सांग, हेच ना? मी हे लिहितोय आणि पेन कागद फाडतोय. कंडक्टर भिंतीपलीकडून विचारतो, "काका, कोणाशी भांडताय?" मी म्हटलं, "लेकीशी." तो म्हणाला, "आल्यात का?" मी म्हटलं, "येत नाही, म्हणून तर भांडतोय."

मी तिला म्हटलं, "उद्या तुझ्या मालकाकडे जातो आणि सगळं सांगतो. तुला परत घ्यायला लावतो." मी जाणारच होतो. बसचे सुटे पैसेही काढून ठेवले होते. तर ती म्हणाली, "नको, बाबा. तुम्ही सांगितलं तर त्या जातील आणि मी राहीन. तसं नको. त्यांनी सांगायला हवं." मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर?" ती म्हणाली, "तर मग नाही सांगितलं."

पुढच्या आठवड्यात तुझे मालक तिच्या जागी दुसरं माणूस घेणार आहेत. एकदा घेतलं की संपलं, मग तू सांगून उपयोग नाही. तरी मी गप्प आहे ते तुझ्यासाठी नाही. तिने टाकलेल्या शब्दासाठी आहे.

तू जा. मालकासमोर उभी राहा आणि सांग की अक्रोड खवट होते आणि मला कळलं नाही, कारण मला काहीच कळत नाही. सदर जाईल. खोली जाईल. दारावरचा माणूस उठून उभा राहणार नाही. जाऊ दे. तू सूपवर ते पहिलं पत्र लिहिलंस तेव्हा तुझ्याकडे खोली होती का?


११ मार्च

चि. बाळ,

काल पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन चहा ठेवला. उतू जाऊन गॅस विझला. मला वास आला म्हणून उठून बंद केला. आणि तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो. तुला वास येणार नाही. गॅस गळत असला तर तुला कळणार नाही. जावईबापू सकाळी जातात ते संध्याकाळी येतात, तू सुट्टीच्या दिवशी घरी एकटी नवीन काही करून बघत असतेस, तुझी लहानपणापासूनची खोड आहे. एक वर्ष तू अशी वावरते आहेस आणि मी इथे निवांत झोपत होतो!

कंडक्टरच्या फोनवरून तुला लावला. "मीटिंगमध्ये आहे." मला बोलूच दिलं नाहीस. म्हणून हे पत्र.

नळी बदलून घे. जुनी कितीही चांगली दिसली तरी. वास आल्यावर वाजणारी पेटी मिळते म्हणे, कंडक्टरच्या भाच्याने लावली आहे, ती लावून घे. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी खाऊ नकोस. दूध आणल्या आणल्या तापव. फ्रीजमधल्या डब्यांवर तारीख लिही. मला हसू नकोस, हे मी हसण्यासाठी लिहीत नाही.

आणि रात्रभर एक गोष्ट डोक्यात राहिली, ती पण लिहितो. कालच्या पत्रात मी लिहिलं की सदर जाईल, जाऊ दे. ते सोपं करून लिहिलं. माझी नोकरी संपली तेव्हा मी महिनाभर पहाटे उठून दाराशी जाऊन उभा राहायचो. तुझं त्याहून कठीण आहे. माझे हात तरी राहिले होते. तुला गाजर खाताना गाजर आठवावं लागतं. ह्या वर्षात एकदा तरी तुला जेवावंसं वाटलं का गं? की नुसती वेळ झाली म्हणून बसतेस? हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी फक्त ओरडत राहिलो.

पण राग गेला असं समजू नकोस. तो आहे. ती बाई कामाशिवाय घरी बसली आहे तोवर तो राहणार, आणि तू दारात आलीस तरी मी आधी तोच विषय काढणार, पाणी नंतर देणार. मालकाला सांग. मग तिच्या घरी स्वतः जा, माणूस पाठवू नकोस, करंडी तर मुळीच नको. जिना अरुंद आहे, जपून चढ. सासू बोलेल, ऐकून घे.

मला मोठं पत्र नको. दोनच ओळी लिही, हाताने. एकीत लिही की मालकाला सांगितलंस. दुसरीत लिही की गॅसची नळी बदललीस. पोस्टाला वेळ लागत असेल तर कंडक्टरच्या फोनवर सांग, तो मला हाक मारील, मी दाराशीच आहे. पण लवकर कळव.

तुझा बाबा